बहिरी बग्गी आणि दयेची तीन पावलं

आयर्लंडमधल्या निधनवार्तांच्या तळाशी एक आयरिश वाक्य वारंवार भेटतं. गेलेल्या माणसाच्या घरात कित्येक पिढ्या इंग्रजीच बोलली जात असली, तरी ते असतं. तिथली स्थानिक रेडिओ केंद्रं आजही ठरल्या वेळी परिसरातल्या निधनवार्ता वाचून दाखवतात, आणि २००५ पासून केवळ त्यासाठी एक संकेतस्थळही चालतं. वाक्य असं आहे: 'अर येश ज्ये गो रेव अ अनम.' त्याचा आत्मा देवाच्या उजव्या हाताला असो, एवढाच अर्थ.

मराठी माणसाने हे वाक्य जरा थांबून ऐकावं. 'येश' हे 'देश' या शब्दाचं वाक्यातलं बदललेलं रूप. जुन्या आयरिशमध्ये तो 'देस' होता. अर्थ उजवा, आणि अर्थ दक्षिण दिशा. संस्कृत 'दक्षिण' याच मुळातून आला आणि त्याचेही नेमके हेच दोन अर्थ. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात दक्षिणेला येतो, म्हणून. जुन्या आयरिशमध्ये पूर्वेचा शब्द 'पुढची' असा आहे आणि पश्चिमेचा 'मागची' असा. आपल्या 'पश्चिम'मध्येही 'पश्चात' दडलेला आहेच. पुढचा शब्द 'ज्ये' म्हणजे देवाचा. मूळ 'दीआ', आणि त्याचं 'देव'शी असलेलं सख्खं नातं निर्विवाद आहे. 'अ' म्हणजे त्याचा. संस्कृत 'अस्य' तोच. शेवटचा 'अनम' म्हणजे आत्मा. आपल्या 'प्राण' शब्दात 'प्र' बाजूला काढला की श्वास घेण्याचा जो 'अन्' धातू उरतो, तोच हा. एवढ्याशा वाक्यातले चार शब्द आपल्या घरातले निघतात.

अर्थाच्या वाटा मात्र फुटल्या. आयरिश माणसाने उजवीकडे देव बसवला, आपण दक्षिणेला यम. आपल्याकडे दक्षिणेकडे पाय करून झोपलेल्या पोराला आजी उठवून वळवते. आयर्लंडमध्ये शुभ वळण ते 'देशल', म्हणजे उजव्या हाताने, सूर्याच्या चालीने घेतलेलं. पवित्र विहिरीला फेरे घालायचे ते देशल, आणि बऱ्याच ठिकाणी शवपेटी घेऊन दफनभूमीला वळसा घालायचा तोही देशल. 'प्रदक्षिणा' आणि 'देशल' हे एकाच मुळाचे शब्द आहेत आणि क्रियाही एकच. उलट्या फेऱ्याला 'तूहल' म्हणतात. तो अशुभ.

हे नातं सांगणाऱ्या सुरुवातीच्या काळातल्या विद्वानांपैकी एक जण आपलं बरंचसं काम भारतात बसून करत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. व्हिटली स्टोक्स, जन्म डब्लिन, १८३०. वकिली करत १८६२ मध्ये तो मद्रासला आला आणि पुढे १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या मंडळाचा विधी सदस्य होता. घर किंवा जमीन विकताना आजही ज्याचा आधार घ्यावा लागतो तो मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ मध्ये झाला, तेव्हा त्या पदावर हाच होता. दिवसा कायद्यांचे मसुदे करणारा हा माणूस उरलेल्या वेळात जुन्या आयरिश हस्तलिखितांवर काम करायचा. कॅशलचा राजा आणि बिशप कॉर्मक, जो ९०८ मध्ये लढाईत पडला, त्याच्या नावावर असलेला व्युत्पत्तिकोश स्टोक्सच्या संपादनाखाली १८६८ साली कलकत्त्यात छापला गेला. १८७० मध्ये त्याने सिमल्यात 'अदवनॉनचं दर्शन' छापलं. मेल्यावर जिवाला काय काय दिसतं याचं हे जुनं आयरिश वर्णन. स्वर्ग, मग नरक, आणि मध्ये एक पूल, जो पुण्यवानाला रुंद असतो आणि पाप्याच्या पायाखाली अरुंद होत जातो. आयरिश मरणाचं इतकं जुनं चित्र हिमालयातल्या छापखान्यातून बाहेर पडलं.

आता प्रत्यक्ष मरणघरात येऊ. तिथल्या चालीरीतींना सरसकट अंधश्रद्धा म्हणायची पद्धत आहे. आयरिशमध्ये 'पिशोग' असा शब्द आहे. चेटूक, करणी, शेजाऱ्याच्या गवतात अंडी पुरून त्याचं नशीब पळवणं अशा गोष्टी त्यात येतात. मरणघरातल्या रीतींना तो शब्द लावायला माझं मन घेत नाही. त्यांची स्वतःची नावं काय आहेत ते पाहिलं तर कारण कळेल.

मृतदेहाशेजारी रात्र जागवण्याला इंग्रजीत 'वेक' म्हणतात. याबद्दल एक गोष्ट हल्ली फार फिरते. जुन्या काळी शिशाच्या पेल्यातून दारू पिऊन लोक बेशुद्ध पडत, ते मेले असं वाटे, म्हणून ते जागे होतात का याची वाट पाहायची आणि म्हणून 'वेक'. गोष्ट चटकदार आहे आणि साफ खोटी आहे. 'वेक' म्हणजे जागणाऱ्यांचं जागणं. मेलेल्याच्या जागं होण्याशी त्याचा काही संबंध नाही. लॅटिन 'विजिल' त्याच कुळातला, आणि संस्कृतातला बळ या अर्थाचा 'वाज' हाही. मराठीत त्याला नेमका शब्द 'जागर'.

आयरिश लोक स्वतः दोन वेगळे शब्द वापरतात. एक 'फर्‌या', म्हणजे पहारा, राखण. दुसरा 'तोरव', आणि तो जुन्या आयरिशमधल्या भेटीला जाणं, विचारपूस करणं, सेवेला हजर राहणं या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. काही भागांत तोरव म्हणजे जागर, काही भागांत थेट अंत्ययात्राच. दोन्ही शब्दांत मरणाचा उल्लेखही नाही. माणसांनी काय करायचं तेवढं आहे. राखण करा. भेटायला या.

आणि लोक ते अक्षरशः करत. प्राण गेल्यापासून पेटी उचलेपर्यंत मृतदेह क्षणभरही एकटा ठेवायचा नाही. घड्याळ प्राण गेल्या वेळेवर बंद करायचं, आरसा झाकायचा किंवा भिंतीकडे फिरवायचा, जीव बाहेर जावा म्हणून खिडकी उघडायची आणि थोड्या वेळाने तो परतू नये म्हणून लावून घ्यायची. टेबलावर मातीच्या चिलमी आणि तंबाखू मांडलेली असे, बशीत तपकीर. आलेल्याने चिलीम उचलायची, दोन झुरके घ्यायचे, 'देव त्याच्यावर दया करो' म्हणायचं. न ओढणाऱ्यानेही ती हातात घेऊन तेवढं म्हणायचं. पेटी बाहेर काढली की जिच्यावर ती टेकवली होती त्या खुर्च्या लगेच आडव्या पाडायच्या.

रात्र लांब असे, म्हणून कोडी, गोष्टी, ताकदीचे खेळ, चेष्टामस्करीही चाले. म्हातारं माणूस पिकल्या पानासारखं गळलं असेल तर जास्तच. तरुण किंवा लहान मूल गेलं असेल तर मुळीच नाही. चर्चला हे खेळ अजिबात रुचत नसत. सतराव्या शतकापासून धर्मसभांमागून धर्मसभांनी त्यांवर बंदी घातली, आणि बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली यातच ती किती पाळली गेली ते कळतं. शॉन ओ सुलवॉन यांनी या खेळांवर १९६१ मध्ये आयरिशमध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

मला सर्वांत खोल वाटणारी रीत रडण्याबद्दलची आहे. देह धुवून, कपडे चढवून, नीट मांडून होईपर्यंत कोणी मोठ्याने रडायचं नाही. रडलात तर वाटेत दबा धरून बसलेली सैतानाची कुत्री जागी होतात आणि निघालेल्या जिवावर तुटून पडतात. कुत्र्यांवर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. देह अजून ऊबदार आहे, हातपाय आखडायच्या आत सरळ करायचे आहेत, डोळे मिटायचे आहेत, हनुवटी बांधायची आहे. ही कामं करणाऱ्या बाईचे हात त्या वेळी थरथरून चालणार नाहीत.

ती बाई कोण असे, हेही पाहण्याजोगं आहे. बऱ्याच गावांत बाळंतपण करणारी आणि मेलेल्याला शेवटची आंघोळ घालणारी बाई एकच असे. बाळंतपणापुरतं तिचं आयरिश नाव 'बॅन घ्लूना', गुडघ्याची बाई. 'ग्लून' म्हणजे गुडघा, आणि तो संस्कृत 'जानु'चा भाऊबंद. आजानुबाहू म्हणताना आपण तोच उच्चारतो. आपली सुईण जन्माच्या वेळी येते आणि बारशानंतर तिचं काम संपतं. या बाईचं त्याच घरात आणखी एक काम बाकी असे.

देह मांडून झाला की मग गळा काढायचा. त्याला 'कीन्या', आणि तो काढणारी 'बॅन खीन्च्या'. इंग्रजीने 'कीन' हा शब्द तिथूनच उचलला. हे रडणं रचलेलं असे. आधी मेलेल्याला नावाने हाक, मग त्याचं कूळ, त्याचे गुण, त्याचं घर, त्याचे वैरी, आणि मध्ये मध्ये सगळ्या बायकांनी मिळून धरायचा शब्दांवाचूनचा सूर. आपल्या खेड्यांतूनही गुण आठवून आठवून, सूर धरून रडणाऱ्या म्हाताऱ्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे लगेच समजेल. आयर्लंडमध्ये यासाठी नावाजलेल्या बायकांना बोलावणं जाई आणि त्यांना पैसे, दारू, तंबाखू मिळे. चर्चने त्यांच्यावरही बराच काळ डोळे वटारले. नाटककार सिंग अरन बेटांवर राहिला होता. तिथे ऐंशी ओलांडलेल्या एका म्हातारीच्या दफनाच्या वेळी त्याने हे रडणं ऐकलं, आणि १९०७ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं की ते एका बाईपुरतं दुःख नव्हतं, बेटावरच्या प्रत्येकाच्या मनात कुठेतरी साचलेला आवेग त्यातून बोलत होता.

अशा शोकांतला सर्वांत प्रसिद्ध शोक आहे आर्ट ओ लिअरीचा. ऑस्ट्रियाच्या घोडदळात राहून आलेला हा तरुण कॉर्क परगण्यात आपल्या उमद्या घोड्यावरून मिरवत असे. त्या वेळच्या कायद्याने कॅथलिक माणसाला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगता येत नव्हता. कोणी प्रोटेस्टंटाने पाच पौंड पुढे केले की तो देऊन टाकावा लागे. मॉरिस नावाच्या अधिकाऱ्याने तो मागितला, आर्टने नकार दिला, आणि ४ मे १७७३ रोजी कॅरिगानिमा इथे सैनिकांच्या गोळीने तो मारला गेला. त्याची बायको आइलीन दुव नी खोनिल हिने त्याच्यासाठी केलेला शोक लोकांच्या तोंडी राहिला. तो पहिल्यांदा कागदावर उतरला नॉरी सिंगलटन नावाच्या शोक करणाऱ्या बाईच्या तोंडून, सुमारे १८०० मध्ये. ज्या बायकांना चर्च हाकलत होतं त्यांच्यातल्याच एकीच्या स्मरणामुळे अठराव्या शतकातली एक थोर आयरिश कविता वाचली.

इथून 'बॅन शी'कडे वळावंच लागतं, जिला इंग्रजीने 'बॅन्शी' करून भयपटांत नेलं. 'बॅन' म्हणजे बाई. वेदांत बाई किंवा बायको या अर्थाने 'जनि' येतो, तो हाच. (जननीतला 'जन्' धातू वेगळा, त्यांची गल्लत करू नये.) याच शब्दाचं आयरिशमधलं दुसरं रूप 'म्ना', आणि वैदिक 'ग्ना' त्याच्याशी हुबेहूब जुळतो. डब्लिनच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या दारांवर आजही एकीकडे 'म्ना' आणि दुसरीकडे 'फिर' असं लिहिलेलं असतं. 'फिर' म्हणजे पुरुष, आपले 'वीर'. वेदातल्या ग्ना आणि वीर तिथे रोजच्या वापरात आहेत.

'शी' म्हणजे टेकाड, आणि त्या टेकाडात राहणारे अदृश्य लोक. जुनं रूप 'शीध'. मूळ अर्थ बसण्याची, वसण्याची जागा. 'सद्' धातू, ज्यातून आपल्याला सदन, परिषद, सभासद मिळाले. ही टेकाडं कोणती? बॉइन नदीकाठचं न्यूग्रेंज हे त्यांतलं एक. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० मध्ये रचलेल्या या दगडी टेकाडाच्या पोटात जळलेली माणसांची हाडं सापडली आहेत, आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी उगवत्या सूर्याचा किरण लांब बोळातून थेट आतल्या खोलीपर्यंत पोचतो. आयरिश भाषा त्या बेटावर पोचली त्याच्या फार आधीपासून हे तिथे होतं. नंतर आलेल्यांनी त्याला 'शीध' म्हटलं, कोणाचं तरी ठाणं. म्हणून बॅन शी म्हणजे टेकाडाच्या सदनातली बाई.

ती कोणाला मारत नाही, हे आवर्जून सांगायला हवं. ज्यांच्या आडनावात 'ओ' किंवा 'मॅक' आहे अशा जुन्या कुळांशी ती बांधलेली असते, आणि त्या कुळातलं कोणी जाणार असलं की आधी येऊन रडते. ती कुळाचीच एक शोक करणारी बाई आहे, फक्त सगळ्यांच्या आधी कळलेली. पॅट्रिशिया लायसाट यांनी १९८६ मध्ये तिच्यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मोठा आधार गावोगावच्या माणसांकडून जमवलेल्या आठवणींचा आहे. केस विंचरत बसलेली ती दिसते, म्हणून रस्त्यात पडलेला कंगवा उचलायचा नाही असं आयरिश आया मुलांना सांगत. कोणी उचलून घरी आणलाच, तर रात्री खिडकीशी आकांत सुरू होतो. कंगवा हाताने परत द्यायचा नाही, चुलीतल्या लोखंडी चिमट्यात धरून बाहेर करायचा, आणि आत ओढलेला चिमटा वाकडातिकडा होऊन येतो.

आग्नेय आयर्लंडमध्ये तिचं नाव 'बाव'. जुन्या कथांतली रणदेवता 'बाध्व', जी कावळ्याच्या रूपात रणांगणावर उतरते, तिचंच हे नाव. पिंडाला शिवणारा कावळा इथे मराठी वाचकाला आठवेल, पण यात भाषेचं किंवा इतिहासाचं नातं मला दिसत नाही. कावळा प्रेताजवळ येतो हे कुठल्याही देशात डोळ्यांनी दिसतं.

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत प्रिय आहे तो एक शब्दसमूह: 'त्री कोशकेम ना त्रोकर्‌या', दयेची तीन पावलं. रस्त्यात समोरून अंत्ययात्रा आली तर बाजूला उभं राहून चालत नाही. वळायचं, आणि तिच्याबरोबर निदान तीन पावलं चालायचं. मग आपल्या वाटेला लागावं. ओळखीचा असो वा नसो. 'त्री' म्हणजे तीन, सांगायला नको. 'कोशकेम'मध्ये 'कोस' म्हणजे पाय आणि 'केम' म्हणजे टाकलेलं पाऊल. हा 'कोस' लॅटिनमध्ये कंबरेचा सांधा झाला, आणि संस्कृतात 'कक्ष' होऊन बगलेत शिरला. आपली काख ती हीच. धडाला जिथे अवयव जोडला जातो त्या जागेचं नाव एका टोकाला खाली घसरत पावलापर्यंत गेलं, दुसऱ्या टोकाला कळशी धरायच्या जागी राहिलं. 'त्रोकर्‌या' हा जोडशब्द आहे. पहिला भाग दीन, बापुडा, दुसरा प्रेम. दीनावरचं प्रेम म्हणजे दया. १९७३ मध्ये आयरिश बिशपांनी परदेशातल्या गोरगरिबांसाठी संस्था काढली तिचं नाव हेच ठेवलं. मयताला इथे दीन म्हटलं आहे, आणि त्याला तीन पावलांची सोबत पुरते असं धरलं आहे. खांदा देणं ज्यांना जमत नाही अशांसाठी इतकी सोपी आणि इतकी पूर्ण सोय दुसऱ्या कुठल्या समाजाने केल्याचं मला आठवत नाही.

राहिली बग्गी. 'कोश्ट्या बाउर', मृत्यूची गाडी. काळे घोडे, बिनमुंडक्याचे. वर बिनमुंडक्याचाच गाडीवान. एकदा ती निघाली की रिकामी परत जात नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात अशीच एक गाडी आहे, 'आंकू' नावाच्या मृत्यूची, आणि तिच्या चाकांची करकर दुरून ऐकू येते. 'आंकू' आणि आयरिश 'एग' हे मृत्यूचे शब्द आपल्या 'नाश'च्या कुळातले आहेत. आयरिश गाडी मात्र करकरत नाही. तिच्या नावातला 'बाउर', जुना 'बोधर', म्हणजे बहिरा, आणि ज्याचा आवाज दबलेला, पोकळ येतो असाही. संस्कृत 'बधिर' हाच, आणि आपला 'बहिरा' त्याचाच. हात बधिर झाला म्हणतो तेव्हा आपणही तो कानापुरता ठेवत नाही. चामड्याच्या आयरिश हातवाद्याचं 'बाउरॉन' हे नावही याच दबक्या आवाजावरून आलं.

'कोश्ट्या'ची कथा निराळी. तो आयरिशने इंग्रजी 'कोच'वरून घेतला, आणि इंग्रजीकडे तो युरोपातल्या इतर भाषांमधून आला, मूळ हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून, जिथे चांगल्या घोडागाड्या बनत. अशा गाड्या त्या बेटांवर सोळाव्या शतकात पोचल्या. म्हणजे ही श्रद्धा आज दिसते त्या रूपात त्याहून जुनी असू शकत नाही, आणि ज्या काळात ती गावोगाव पसरली त्या काळात बग्गीतून हिंडणारा माणूस होता जमीनदार. खंड वसूल करणारा जसा यायचा, तसाच मृत्यू येतो असं त्या कुळांना दिसलं. बाध्व कावळा होऊन आली, तिला बग्गीची गरज नव्हती.

इंग्रजी 'बॉदर' हा शब्द लेखनात पहिल्यांदा दिसतो तो अठराव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या लेखकांकडे, आणि म्हणूनच बऱ्याच कोशकारांना त्याचा उगम याच 'बोधर'मध्ये संभवतो: कान किटवणं, बहिरं करून सोडणं, मग त्रास देणं. तसं असेल तर बहिऱ्या बग्गीचे दोन्ही शब्द आपल्या बोलण्यात येऊन पोचले आहेत. रेल्वेचा कोच कुठे लागेल हे विचारताना एक येतो, आणि 'मला काही बॉदर होत नाही' म्हणताना दुसरा.